मूळपुरुषाचे स्मरण : ऑस्ट्रेलियाचा पहिला खातेदार जेम्स रूस

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



फूल ना फुलाची पाकळी म्हणून कोणी रोख रक्कम दिली, कोणी धान्य दिले, कोणी वाळू-सिमेंटची गाडी आणून टाकली, तर कोणी अंगमेहनत केली. त्या सर्वांच्या हातून हे काम तडीस गेले. त्या सर्वांना माझे वंदन.

मी तालुका कचेरीतील एक साधा कारकून. शिक्षण म्हणाल तर एस.एस.सी.पर्यंत. व्याख्यान देणे हा काही माझा पिंड नव्हे. परंतु समितीने आज्ञा केली की, या पुस्तिकेच्या अखेरीस गावच्या मूळपुरुषांसाठी काही पाने राखून ठेविली आहेत, तेव्हा त्या विषयावर तुम्ही दोन शब्द बोलावे. रोजचा जन्म सातबारा आणि फेरफार यांत जातो, म्हणून माझी निवड झाली असावी.

त्या पानांवरून गावात थोडी कुजबुज झाली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पहिले कोण आले, कोणाचे नाव वर छापावे, कोणाचे खाली छापावे, आणि एखाद्या पूर्वजाची जी गोष्ट चारचौघांत बोलत नाहीत ती छापावी की गाळावी, असे प्रश्न निघाले. मी कोणाचेही नाव घेणार नाही. गावचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मी आपणांस परमुलखातील एका शेतकऱ्याची हकिकत सांगणार आहे. त्याच्या वंशजांपुढेही हेच प्रश्न उभे राहिले होते. त्यांनी ते कसे सोडविले हे ऐकून घ्यावे आणि मग आपणच आपला निर्णय करावा.

आपल्या गावचे दोन चिरंजीव ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या पश्चिमेस, पॅरामॅटाला लागून असलेल्या हॅरिस पार्क या वस्तीत राहतात. देणगीदारांच्या यादीत त्यांची नावे आपण वाचालच. त्या वस्तीत आपल्या देशाचे लोक इतके झाले आहेत की तिला आज ‘लिटल इंडिया’ म्हणतात. त्याच वस्तीत रूस स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर एक जुने बैठे घर तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जतन करून ठेविले आहे. त्याचे नाव ‘एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज’, म्हणजे प्रयोगाच्या शेतावरचे घर. ज्याच्या नावाचा तो रस्ता आणि ज्याचे ते शेत, तो हा जेम्स रूस. गोऱ्या लोकांच्या त्या वसाहतीत जमिनीचे पहिले खाते याच्या नावावर निघाले.

हा जेम्स रूस इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातला. जन्म १७५९ चा, लॉन्सेस्टन गावाकडचा. लहानपणापासून शेतीच्या कामात वाढलेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १७८२ साली, घरफोडी करून चांदीची दोन घड्याळे चोरल्याबद्दल बॉडमिन येथील न्यायालयात तो दोषी ठरला. त्या काळी अशा गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा होती. ती कमी करून सात वर्षे काळ्या पाण्याची करण्यात आली. प्रथम त्याला आफ्रिकेत पाठवावयाचे ठरले होते. ते घडले नाही, आणि त्याने पुढची काही वर्षे प्लिमथच्या बंदरात, तुरुंग केलेल्या एका जुन्या जहाजावर काढली. मग १७८७ च्या मे महिन्यात इंग्लंडहून ११ जहाजांचा ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. त्यांतील ‘स्कारबरो’ जहाजावर कैद्यांत रूसही होता. आठ महिन्यांच्या प्रवासानंतर २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीवर वसाहतीचे निशाण लागले.

मंडळी, हजारावर माणसे अनोळखी किनाऱ्यावर उतरली, पण त्यांत शेती जाणणारी माणसे अगदी थोडी. सिडनीच्या खाडीची जमीन रेताड. जहाजाच्या पोटात बरेच बियाणे गरम होऊन खराब झालेले, ते उगवले नाही. बरोबर आणलेली मोजकी गुरे पहिल्याच वर्षी रानात निघून गेली. गंमत पाहा, तीच गुरे पुढे १७९५ साली मोठा कळप होऊन सापडली. पण १७८८ मध्ये बैल नाही, नांगर नाही, हाती नुसती कुदळ, अशी अवस्था होती.

म्हणून गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी नदीने वर जाऊन रोझ हिल येथे, म्हणजे आजच्या पॅरामॅटा येथे, सरकारी शेत सुरू केले. तेथे १७८९ च्या डिसेंबरात सुमारे २०० बुशेल गहू निघाला. आपल्या मापाने पन्नास-पंचावन्न क्विंटल. सर्वांच्या पोटात भूक होती, तरी तो गहू खाण्यास दिला नाही. सगळा बियाण्यासाठी राखून ठेविला. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या आज्याही दुष्काळात उपाशी निजल्या, पण बियाण्याच्या कणगीला त्यांनी हात लावला नाही.

आता रूसकडे वळतो. १७८९ च्या जुलैत त्याने अर्ज केला की माझी सात वर्षांची मुदत भरली, मला मोकळे करा, आणि मला जमीन द्या. गव्हर्नरसाहेबांपुढे पेच पडला. कैद्यांच्या शिक्षेचे कागद इंग्लंडमध्येच राहिले होते! मुदत भरली की नाही हे कशावरून ठरवावे? कागद नाही म्हणून माणूस अडकतो, हा प्रकार सव्वादोनशे वर्षांपूर्वीही होता, हे वाचून मला आमच्या कचेरीतल्या खिडकीची आठवण झाली. पण फिलिप यांनी कागदासाठी माणूस बसवून ठेविला नाही. त्यांनी एक प्रयोग करावयाचे ठरविले. एका माणसाला थोडी मदत दिली तर तो किती दिवसांत स्वतःच्या शेतावर स्वतःचे पोट भरू लागेल, हे पाहावयाचे. त्या शेताला प्रयोगाचे शेत हे नाव पडले ते यावरून.

नोव्हेंबर १७८९ मध्ये रूसला पॅरामॅटाजवळ जागा दाखविण्यात आली. दीड एकर साफ करून दिले, एक झोपडी बांधून दिली, अवजारे दिली, पेरण्यास धान्य दिले, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या दिल्या. पोट भरू लागेपर्यंत सरकारी कोठीतून शिधा आणि कपडे. यशस्वी झालास तर तीस एकर तुझ्या नावावर करू, असे वचन. आपल्याकडे शिवकाळात आणि पेशवाईत पडजमीन उठविणाऱ्याला इस्तावा कौल मिळत असे. पहिली वर्षे सारा हलका, मग जमीन सुधारेल तसा चढता. तेथेही असाच कौल होता. सुटलेल्या कैद्यास दिलेल्या जमिनीला पहिली दहा वर्षे सारा माफ. मुलूख कोणताही असो, पडजमीन उठवावयाची तर राज्यकर्त्याला शेतकऱ्यास हात द्यावाच लागतो.

रूसने जमीन कशी केली, याची हकिकत लिहून राहिली आहे. वॉटकिन टेंच नावाचे एक लष्करी अधिकारी १७९० च्या नोव्हेंबरात त्याच्या शेतावर गेले व त्याने सांगितले ते टिपून ठेविले. त्याचा आशय मी आपल्या भाषेत सांगतो, कारण येथे बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तो पटेल.

रूसने पाडलेली झाडे जागीच जाळली आणि ती राख मातीत खणून मिसळली. मग कुदळीने जमीन खणली. दिवसाला आठ, फार तर नऊ रॉड, त्याहून जास्त नाही. मी हिशेब करून पाहिला, चार रॉडचा एक गुंठा. म्हणजे दिवसाला दोन-सव्वादोन गुंठे. सरकारी शेतावर जमीन नुसती ओरबाडतात तसे मी केले नाही, नीट केले, असे त्याचे म्हणणे. मग ढेकळे फोडली, गवत-तण मातीतच गाडले, आणि जमीन जितके दिवस ठेवता येईल तितके दिवस उन्हा-वाऱ्यात तापू दिली. पेरणीच्या तोंडावर पुन्हा सगळी उलटली. गहू निघाल्यावर सलगमाचे बी टाकून जमीन हलकी करावयाची, आणि काड-कचरा खड्ड्यात कुजवून खत करावयाचे, असा त्याचा पुढचा बेत होता.

गव्हाला तीन बुशेल बी पेरले, आणि ते त्याच देशात पिकलेले होते. बारा-तेरा बुशेल पीक येईल असा त्याचा अंदाज. एकाचे चार. फार मोठे पीक नव्हे; आपल्या गावातही कोरडवाहूत याहून बरे येते. मे आणि जूनमध्ये पेरणी केली. तिकडे तेव्हा हिवाळ्याचे तोंड असते. मेमधली पेरणी अधिक चांगली आली, हेही त्याने ध्यानात ठेविले. मक्याविषयी त्याने सरळ सांगितले की मला या पिकाची माहिती नाही, किती येईल सांगता येत नाही. जे माहीत ते सांगितले, जे माहीत नाही तेही सांगितले. असा माणूस शेतीत टिकतो.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली. मदतीला दिलेला गडी सरकारने काढून घेतला आहे. आता मला बायकोशिवाय कोणी नाही, आणि ती कष्टाळू आहे.

ती बाई म्हणजे एलिझाबेथ पेरी. तीही कैदी, जून १७९० मध्ये ‘लेडी ज्युलियाना’ या जहाजातून आलेली. ५ सप्टेंबर १७९० रोजी दोघांचे लग्न झाले. टेंचसाहेब आले तेव्हा लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. नवी नवरी हळद उतरण्याआधी कुदळ घेऊन उभी राहिली, असे आपण म्हणू.

त्या वेळी वसाहतीची दशा काय होती ते लक्षात घ्या. धान्य घेऊन येणारे ‘गार्डियन’ जहाज १७८९ च्या डिसेंबरात बर्फाच्या डोंगरावर आदळले. ‘सिरियस’ जहाज १७९० च्या मार्चमध्ये नॉरफोक बेटावर फुटले. शिधा कमी करण्यात आला. पुढे जून १७९२ मध्ये कलकत्त्याहून ‘अटलांटिक’ जहाज तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन सिडनीस पोचले. बंगालच्या शेतकऱ्याने पिकविलेले अन्न त्या माणसांच्या पोटात गेले, हे आज कोणाच्या फारसे ध्यानात नाही. अशा उपासमारीच्या दिवसांत फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसने सरकारास कळविले की, यापुढे मला कोठीतून शिधा नको. सरकारी शिध्यावर जगणाऱ्या त्या वसाहतीत ‘मला आता नको’ असे म्हणणारा शेतकरी निघाला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस हाच. एप्रिल १७९१ मध्ये तीस एकर त्याची झाली, आणि १७९२ च्या फेब्रुवारीत दफ्तरी नोंद झाली. क्रमांक एक. खाली त्याचे नाव. घरफोडी केलेला माणूस त्या दफ्तराच्या पहिल्या पानाचा धनी झाला.

बंधू-भगिनींनो, सत्काराच्या भाषणात माणसे येथेच थांबतात. टाळ्या वाजतात, हार घालतात. पण मी दफ्तरातला माणूस आहे. एक फेरफार पाहिला की पुढचा पाहावयाचा, ही आम्हांस सवय. म्हणून पुढचेही सांगतो.

ती तीस एकर त्याच्याजवळ फार वर्षे राहिली नाही. १७९३ साली त्याने ती सर्जन जॉन हॅरिस यांना ४० पौंडांस विकली. हॅरिस पार्क हे नाव त्या हॅरिस यांचे, आणि जपून ठेविलेले घरही त्यांच्याच वेळचे, रूसचे नव्हे. १७९४ च्या जानेवारीत हॉक्सबरी नदीच्या काठी पहिले बावीस शेतकरी वसले, त्यांत रूस होता. जमीन काळीभोर, गाळाची. पण ती नदी पुराची. पूर आले, कर्ज झाले, पुढे मिळालेली जमीनही हातात टिकली नाही. १८२८ च्या शिरगणतीत हा पहिला खातेदार मिंटो भागात एका कॅप्टनच्या शेतावर मुकादम म्हणून नोंदलेला आहे. आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचे तर उपरी म्हणून आला, मिरासदार झाला, आणि म्हातारपणी पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिला. एलिझाबेथ १८३६ मध्ये वारली, आणि ५ सप्टेंबर १८३७ रोजी, त्यांच्या लग्नाच्याच तारखेस, तोही गेला. दोघेही कॅम्पबेलटाऊन येथे विसावली.

त्याच्या थडग्यावरच्या दगडातील पहिल्या ओळी त्याने स्वतःच्या हाताने कोरल्या असे मानतात. अक्षरे वेडीवाकडी, शब्द बोलल्यासारखे लिहिलेले. वसाहतीत पहिले धान्य मी पेरले, असे त्यांत म्हटले आहे. जमीन राहिली नाही, पैसा राहिला नाही. आपण पेरले याची नोंद मात्र राहावी, एवढीच त्याची इच्छा. तो दगड झिजू नये म्हणून काढून जतन केला आहे.

आता वंशजांचे ऐका. पुढे ऑस्ट्रेलियात कैद्यांच्या वंशजांना आपल्या मूळपुरुषाची लाज वाटू लागली. घराण्यात कैदी होता हे माणसे लपवीत. नातवंडांना सांगत नसत, सोयरीक जुळविताना बोलत नसत. शंभर-सव्वाशे वर्षे हे असे चालले. मग विसाव्या शतकात हळूहळू दृष्टी बदलली. १९५९ मध्ये सिडनीच्या कार्लिंगफर्ड भागात शेतकी शिक्षणाची शाळा निघाली, तिला जेम्स रूसचे नाव दिले. ती शाळा आज त्या राज्यातील सर्वांत नावाजलेल्या शाळांपैकी एक आहे, आणि आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांची मुलेही तेथे प्रवेशासाठी रात्रंदिवस अभ्यास करितात. चोर म्हणून पाठविलेल्या माणसाच्या नावाच्या शाळेत आपले मूल जावे म्हणून आईबाप नवस करितात, हे नवल पाहा. १९६८ मध्ये पहिल्या ताफ्यातून आलेल्यांच्या वंशजांनी आपली संस्था स्थापन केली, आणि त्या पूर्वजांच्या थडग्यांवर पाट्या बसविण्याचे काम हाती घेतले. कैद्यांची जुनी दफ्तरे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेली, आणि २०१० मध्ये कैद्यांनी बांधलेल्या अकरा जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. जो कागद आजोबांनी लपविला, तो नातवंडे अभिमानाने चौकटीत लावू लागली.

त्यांनी गुन्हा पुसला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चोरी केली असे लिहिले, शिक्षा झाली असे लिहिले, आणि पहिला गहू पेरला असेही लिहिले. तिन्ही गोष्टी एका माणसाच्या. एक गाळली तर दुसरी खोटी वाटू लागते.

पण मंडळी, एक रकाना अजून भरावयाचा राहिला आहे. आमच्या गाव नमुना सातमध्ये खातेदाराच्या नावाशिवाय ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. पुष्कळ लोक तो वाचतच नाहीत. जमीन घेताना खरे शहाणपण तो रकाना वाचण्यात असते. रूसच्या त्या क्रमांक एकच्या दस्तऐवजात हा रकाना कोरा होता. जणू त्याच्या आधी तेथे कोणी नव्हतेच!

कोणी नव्हते कसे? पॅरामॅटा हे नावच तेथल्या मूळच्या लोकांचे. डारुग लोकांपैकी बुरामट्टगल ही त्यांची शाखा त्या नदीकाठी राहत असे. वाम मासे जेथे येऊन निजतात ती जागा, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. हॉक्सबरीच्या ज्या काठावर रूस आणि इतर शेतकऱ्यांनी मका पेरला, त्याच काठावर डारुग लोक रानकंद खणून खात. मक्याची शेते झाली, कंदांची जागा गेली, आणि मारामाऱ्या, रक्तपात सुरू झाला. त्याआधीच १७८९ मध्ये देवीच्या साथीने सिडनीच्या आसपासची निम्मी माणसे गेली, असे त्या वेळी सांगितले गेले. पेमुलवुय नावाच्या त्यांच्या वीराने कित्येक वर्षे झुंज दिली. १७९७ मध्ये तो पॅरामॅटावर माणसे घेऊन चालून आला. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारले.

हा मुलूख कोणाच्याच मालकीचा नव्हता, असे इंग्रजांनी धरले होते. ते चूक आहे असे तेथील हायकोर्टाने सांगितले ते ३ जून १९९२ रोजी. दावा होता एडी माबो यांचा, मेर बेटावरच्या. त्या बेटावर लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापली वाडी करीत आले, प्रत्येकाच्या हद्दी ठरलेल्या. निकाल ऐकण्यास माबो राहिले नाहीत. काही महिने आधीच त्यांचे निधन झाले. रूसच्या नोंदीनंतर दोनशे वर्षांनी ‘इतर हक्क’ हा रकाना उघडला.

यात रूसचा दोष किती? तो स्वतः बेडीतून आलेला माणूस, हाती कुदळ, जमीन देणारे दुसरेच. त्याच्या कष्टांत मला खोट दिसत नाही. पण त्याचा सत्कार करणाऱ्याने तो रकाना वाचला पाहिजे. आज तेथे सार्वजनिक समारंभ सुरू होण्यापूर्वी त्या भूमीच्या मूळ लोकांचे नाव घेऊन त्यांना मान देण्याची रीत पडली आहे. आपल्याकडे नांगर धरण्यापूर्वी काळ्या आईला हात लावून नमस्कार करितात, तसेच ते मला वाटते.

आता आपल्या पानांविषयी थोडे बोलतो.

रूस वारला त्याच्या आदल्या वर्षी, १८३६ च्या सुमारास, आपल्याकडे इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. आज आपण ज्याला जुना कागद म्हणतो तो बहुधा त्या मोजणीपर्यंत जातो. त्या वेळी ज्याच्या नावावर जमीन होती त्याचे नाव चढले. त्याआधी कोणी झाडे तोडली, कोणी विहीर खणली, कोण दुष्काळात देशोधडीला लागले, हे त्या कागदात नाही. म्हणून ‘आमचे नाव पहिले’ असे कागद पुढे करून कोणी म्हणेल, तर मी कारकून म्हणून एवढेच सांगेन की, कागद जेथे सुरू होतो तेथे गाव सुरू झालेले नसते.

तसेच बायांचे. मी शेकडो जुने फेरफार वाचले, त्यांत बाईचे नाव येते ते बहुधा नवरा वारल्यावर, वारस म्हणून. ती जिवंतपणी त्याच शेतात राबली ते कोठे लिहिलेले नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि काही शेतकऱ्यांनी आपल्या हाताने जमीन बायकोच्या नावे केली, तेव्हा तो रकाना थोडा भरला. रूससारख्या कैद्याने एका साहेबापुढे बायकोचे कष्ट सांगितले, म्हणून एलिझाबेथ आज आपल्याला माहीत आहे. आपल्या मूळपुरुषाबरोबर मूळबाईचेही नाव पानावर यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. नाव आठवत नसेल तर माहेरचे गाव लिहा. तेही आठवत नसेल तर थोरल्या आजीला आज रात्रीच विचारा.

ज्यांची नावे कोणत्याही खात्यावर चढली नाहीत, पण ज्यांनी गावाची वेस राखली, चामड्याची मोट शिवली, दगड घडविला, सांगावे पोचविले, त्यांची घराणीही याच गावची आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्या आया-बहिणींनी गाव जगविले, त्यांच्या नावाची पाटी कोठे नाही. देवळाच्या पायाचे दगड कोणी वाहिले, हे देवाला ठाऊक आहे. आपल्या पुस्तिकेलाही ठाऊक असावे.

आणि ज्या घराण्यात एखादी गोष्ट लपविली जाते, त्यांना हात जोडून सांगतो. पूर्वज कर्जापायी रातोरात दुसऱ्या गावाहून आला असेल, तुरुंग पाहून आला असेल, तर ते लिहावे किंवा न लिहावे, हा त्या घरचा अधिकार आहे. समितीने कोणावर जबरदस्ती करू नये. पण लाज वाटते म्हणून गाळू नये. पळून आलेल्या माणसाने येथे विहीर खणली असेल, तर त्या विहिरीचे पाणी आजही गोडच लागते.

म्हणून समितीला माझी विनंती अशी की, ही पाने घराण्यांच्या मानाप्रमाणे न लावता अकारविल्हे लावावीत. वर-खालीचा प्रश्नच मिटेल. प्रत्येक घराण्याने आपल्या तोंडाने आपली हकिकत द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची हकिकत मी लिहून घेईन. सुट्टीच्या दिवशी देवळाच्या ओवरीत कागद-पेन घेऊन बसेन. फी एक कप चहा.

देऊळ आपण दगडाचे नवे केले. ज्यांनी ते प्रथम उभे केले त्यांना आपण पाहिलेले नाही. उद्याची पिढी आपल्यालाही पाहणार नाही. तिच्या हाती ही पुस्तिका जाईल. तीत सर्व रकाने भरलेले असावेत, एवढेच माझे मागणे.



जय हिंद ! जय महाराष्ट्र !